शहीद द्वीपावरचा जादा दिवस

अंदमानची बेटे मुंबईच्या पूर्वेला सुमारे वीस रेखांश दूर आहेत. एका रेखांशाला चार मिनिटे या शालेय हिशेबाने तेथील मध्यान्ह मुंबईच्या मध्यान्हापेक्षा सुमारे ८० मिनिटे आधी येतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे भारतीय प्रमाणवेळेचेच. परिणाम असा की, डिसेंबरच्या प्रारंभी तेथे सकाळी साडेपाचपूर्वीच सूर्य वर येतो आणि सायंकाळी पाचच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याचा नेम असलेल्या कुटुंबांना तेथे चार वाजताच पानावर बसावे लागते, ही बाब कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत छापलेली नसते. बेटांवर गेल्यावर पहिला बदल घडतो तो दिनक्रमात, आणि तो करून घेण्यावाचून गत्यंतर नसते.

सांगलीकडील एका दाम्पत्याला हा बदल फार जाणवला, कारण दोघांचेही सारे आयुष्य वेळापत्रकात गेले होते. गृहस्थ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कालव्याचे आवर्तन कधी सुटणार, कोणत्या चारीला किती तास पाणी मिळणार, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची पाळी कोणत्या रात्री येणार, याची पत्रके करण्यात त्यांची ३४ वर्षे गेली. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांची नेमणूक गावाकडच्या शाळांत, तर यांची कधी एका धरणाच्या वसाहतीत, कधी दुसऱ्या. शासकीय नोकरीतील पुष्कळ जोडप्यांप्रमाणे त्यांनीही ‘पती-पत्नी एकत्रीकरणा’चे अर्ज केले, ते कधी मार्गी लागले नाहीत. शनिवारी सायंकाळी यायचे आणि सोमवारी पहाटेची एस. टी. धरायची, असा संसार झाला. मुलगी मोठी झाली, शिकली, पुण्यात स्थिरावली. दोघेही निवृत्त झाल्यावर प्रथमच एका घरात आठवड्याचे सातही दिवस राहण्याची वेळ आली, आणि ते वाटले होते तितके सोपे नाही, हे दोघांच्याही ध्यानात आले. सकाळचा चहा होई, वर्तमानपत्र वाचून होई, आणि मग बोलायचे काय, असा प्रश्न पडे. मुलीने हे ओळखले असावे. तिने आईवडिलांसाठी अंदमानची सहा दिवसांची सहल आरक्षित केली.

गृहस्थांनी सवयीप्रमाणे पत्रक तयार केले. डाव्या रकान्यात दिनांक, मग वेळ, ठिकाण, अंतर आणि शेवटी शेरा. कागदाच्या दोन प्रती काढून एक पत्नीच्या पर्समध्ये ठेवली.

चेन्नईहून विमानाने सव्वादोन तासांत श्री विजयपुरम येते. सप्टेंबर २०२४ पर्यंत या शहराचे नाव पोर्ट ब्लेअर होते. पहिल्या दुपारी दोघे सेल्युलर जेल पाहून आले. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या मध्यवर्ती मनोऱ्यापासून सात इमारती सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या निघत. त्यांपैकी तीन आज उभ्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांची दारे दुसऱ्या इमारतीच्या पाठीकडे येतील, अशी रचना मुद्दाम केलेली. कैद्याला कैदी दिसू नये, हा हेतू. विनायकराव सावरकर १९११ पासून १९२१ पर्यंत येथे होते आणि त्यांचे थोरले बंधू बाबारावही याच भिंतींच्या आत होते. पण सख्ख्या भावांची भेट सहजासहजी होत नसे. मराठी प्रवासी त्या कोठडीपाशी येतो तेव्हा त्याचा आवाज आपोआप खाली येतो. गच्चीवरून समुद्र दिसतो. जो समुद्र आज पर्यटकांना बोलावतो, तोच शंभर वर्षांपूर्वी या तुरुंगाचा बाहेरचा तट होता. ‘काळे पाणी’ या शब्दातील पाणी प्रत्यक्षात किती निळे आहे, हे पाहून शिक्षिकाबाई बराच वेळ कठड्यापाशी थांबल्या. पत्रकाप्रमाणे वीस मिनिटांचा उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने दोघे स्वराज द्वीपावर गेले. खासगी वेगवान बोटीला साधारण दीड तास लागतो. या बेटाचे जुने नाव हॅवलॉक. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, त्या घटनेला ७५ वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे ३० डिसेंबर २०१८ रोजी, हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप असे नामकरण झाले. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने या दोन्ही बेटांवर जमिनी देऊन वसवले. गावांची नावे त्यांच्या श्रद्धेची साक्ष देतात. स्वराज द्वीपावर गोविंदनगर, कृष्णनगर, श्यामनगर, राधानगर. तर शहीद द्वीपावर सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर. घरदार सोडून आलेल्या माणसांनी अनोळखी जंगलात पहिली गोष्ट केली ती ओळखीची नावे ठेवण्याची.

राधानगरचा किनारा पश्चिमाभिमुख आहे. ‘टाइम’ या साप्ताहिकाने २००४ मध्ये आशियातील सर्वोत्तम किनारा म्हणून त्याचा गौरव केला आणि २०२० मध्ये त्याला स्वच्छता व सुरक्षिततेसाठी दिले जाणारे ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले. वाळू पिठासारखी पांढरी आणि बारीक. मागे उंच, सरळ वाढलेल्या सदाहरित झाडांचे दाट वन थेट वाळूपर्यंत आलेले. किनाऱ्याच्या वळणाला कोठेही इमारतींची रांग दिसत नाही, म्हणून नजरेला विसावा मिळतो. दोघांनी झाडाखाली बसून घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी चार वाजताच खाऊन घेतली आणि मग सूर्यास्त पाहिला. मावळतीचा रंग ओल्या वाळूवर इतका दूरवर उतरला होता की, पाणी कोठे संपते आणि वाळू कोठे सुरू होते, ते कळू नये. गृहस्थांनी छायाचित्रे काढली. बाईंनी चपला हातात घेतल्या आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या. वयाच्या साठाव्या वर्षी त्यांचे हे पहिले समुद्रस्नान. ते घोट्यापाशीच थांबले.

तिसऱ्या दिवशी पत्रकात ‘दुपारी ३ – विजयनगर किनारा – समुद्रस्नान’ अशी नोंद होती. ठरल्या वेळी दोघे तेथे पोहोचले, तर समुद्र जागेवर नव्हता. जेथे पाणी असायला हवे तेथे ओली वाळू, खडक आणि शेवाळलेले डबके दूरवर पसरले होते. लाटांची पांढरी रेघ पार पलीकडे. होड्या वाळूत कुशीवर पडल्या होत्या. गृहस्थ घड्याळ पाहत राहिले. ज्यांनी आयुष्यभर पाण्याला वेळ नेमून दिली, त्यांना पाणी वेळेवर नसणे हे मनाला लागले. “बुकिंग करणाऱ्याने हे सांगायला नको होते का?” असे ते दोनदा म्हणाले. बाईंनी उत्तर दिले नाही. त्या वाकून वाळूत काही पाहत होत्या. बोटाच्या पेराएवढे खेकडे वाळू तोंडात घेत, तिच्यातले अन्न वेचत आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून मागे टाकत होते. प्रत्येक बिळाभोवती अशा गोळ्यांची रांगोळी झाली होती. पुढची भरती आली की ती पुसली जाणार, आणि ओहोटी लागली की पुन्हा काढली जाणार.

चहाच्या टपरीवरील एका वृद्ध बंगाली गृहस्थाने मोडक्या हिंदीत समजावून सांगितले. दिवसाला दोन भरती, दोन ओहोटी. आणि आज जी वेळ, ती उद्या सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. चंद्र रोज तेवढा उशिरा माथ्यावर येतो म्हणून. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी आणि ओहोटीही खोल. पाटबंधाऱ्याचे निवृत्त अधिकारी लक्षपूर्वक ऐकत होते. त्यांनी खिशातील पत्रक काढले आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडले. रात्री जेवणाची चर्चा न करता दोघांनी प्रथमच चंद्राच्या गतीची चर्चा केली. शिक्षिकाबाईंनी टेबलावर वाटी, पेला आणि लिंबू मांडून चौथीच्या वर्गाला शिकवावे तसे ते समजावले.

चौथ्या दिवशी सकाळी शहीद द्वीप. हे बेट लहान. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सायकलने सहज जाता येते. सपाट शेते, केळीच्या बागा, पडवळ-दोडक्याचे मांडव आणि सुपारीची झाडे. येथील भाजी श्री विजयपुरमच्या बाजारात जाते. शाकाहारी प्रवाशाला अंदमानात काय खावे, ही चिंता असते. ती येथे उरत नाही. जेथे मुक्काम होता, त्या घराच्या मालकीणबाईंनी कांदा-लसूण न घालता वांग्या-भोपळ्याची भाजी आणि डाळ-भात करून देण्याचे आनंदाने मान्य केले, आणि चार वाजता जेवणाऱ्या या पाहुण्यांची वेळही विनातक्रार सांभाळली.

भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या बोटी मिळतात. भरतीच्या वेळी बाहेर पडलेल्या त्या बोटीत बसून दोघांनी प्रवाळ पाहिले. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. चुन्याचे घर बांधून राहणाऱ्या सूक्ष्म जीवांची ती वसाहत. त्यांच्या शरीरात राहणारे शेवाळ त्यांना अन्न देते आणि रंगही देते. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा अंश-दोन अंश अधिक तापलेले काही आठवडे राहिले, तर हे शेवाळ निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. अंदमानात १९९८ आणि २०१० मध्ये असे मोठ्या प्रमाणावर घडले. काचेखाली काही भाग जांभळा, तपकिरी, माशांनी गजबजलेला होता. काही भाग मोडलेल्या फांद्यांच्या ढिगासारखा राखाडी. नावाड्याने रंगीत भागावर बोट थांबवली आणि राखाडी भागावरून ती लवकर पुढे नेली. बाईंनी त्याला तेथेही थांबायला सांगितले. “जे आहे ते सगळे बघू द्या,” एवढेच त्या म्हणाल्या.

त्याच रात्री वारा सुटला. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता. सकाळी जेट्टीवर फलक लागला : आजच्या सर्व बोटी रद्द. पत्रकाप्रमाणे त्या दिवशी श्री विजयपुरमला परतायचे होते आणि दुसऱ्या पहाटे तीनला निघून बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा पाहून यायचे होते. आता ते रद्द करणे भाग होते. सुदैवाने मुलीने परतीच्या विमानापूर्वी एक दिवस मोकळा ठेवला होता, म्हणून विमान चुकणार नव्हते. तरीही गृहस्थ दोन तास धक्क्यावर येरझारा घालत राहिले. फलकाशेजारच्या कर्मचाऱ्याला त्यांनी तीन वेळा विचारले, आणि तीनही वेळा त्याने आकाशाकडे हात केला.

“अहो, बसा आता,” बाई शेवटी म्हणाल्या. “बाराटांग चुकल्याचे मला वाईट वाटत नाही. तो रस्ता जारवांच्या राखीव वनातून जातो. गाड्यांच्या ताफ्यातून जाऊन माणसे बघायची, हे मला पहिल्यापासून नको होते.”

“मग आधी का बोलली नाहीस?”

“कागद आधीच छापून झाला होता.”

गृहस्थ हसले नाहीत, पण बसले. परवा तीनला ओहोटी होती, म्हणजे आज सुमारे पावणेपाचला, हा हिशेब त्यांनीच केला. दुपारपर्यंत पाऊस थांबला होता. मालकीणबाईंकडून भाताचा डबा घेऊन दोघे रिक्षाने लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर गेले. तेथे लाटांनी कोरलेली खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिला तेथील बंगाली वस्ती ‘हावडा ब्रिज’ म्हणते. तिच्यापर्यंत ओहोटीतच चालत जाता येते, आणि वाट प्रवाळखडकांच्या खड्ड्याखळग्यांची, निसरडी. बाईंचा उजवा गुडघा दुखरा. गृहस्थ नेहमी चार पावले पुढे चालणारे. येथे त्यांना हात धरून, तिच्या पावलाने चालावे लागले. अर्ध्या किलोमीटरहूनही कमी असलेल्या त्या वाटेला पाऊण तास लागला. खड्ड्यांतील पाण्यात निळे मासे, काळे समुद्रकाकडीचे जीव आणि शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे होते. प्रत्येक ठिकाणी थांबणे झाले.

कमानीखाली सावली होती. डबा उघडून दोघांनी तेथेच जेवून घेतले. आणि तेथे, दुसरे काही करण्यासारखे नसल्यामुळे, जुन्या दिवसांची गोष्ट निघाली. गृहस्थ सवयीने खात्यावर रागावले : १९९८ साली एकत्रीकरणाचा अर्ज मंजूर झाला असता, तर मुलीचे बालपण त्यांना पाहता आले असते, खात्याने तो दाबून ठेवला.

“दाबला नव्हता,” बाई म्हणाल्या. “मंजूर झाला होता. धरणाजवळच्या शाळेवर माझी बदली निघाली होती. मीच नकार लिहून दिला.”

ते पाहतच राहिले.

“आई गाव सोडायला तयार नव्हत्या. त्यांचे डोळे गेलेले. वसाहतीतल्या दोन खोल्यांत त्या हरवून गेल्या असत्या. त्यांना एकटे ठेवून मी तुमच्याकडे कशी येणार?”

“मला का नाही सांगितलेस?”

“सांगितले असते, तर तुम्ही आईंना समजावत बसला असता आणि मलाही. आपल्याला एक रविवार मिळायचा. तो असा घालवायचा का?”

पुष्कळ वेळ कोणी बोलले नाही. इतकी वर्षे ज्या कार्यालयाला दोष दिला, त्याचा दोष नव्हता. आणि ज्या आईची सेवा दूर राहून पैसे पाठवण्याने आपण केली असे वाटत होते, ती सेवा प्रत्यक्षात कोणी आणि कशाची किंमत देऊन केली, ते आज कळले. गृहस्थांनी क्षमा वगैरे मागितली नाही. त्या पिढीच्या पुरुषांना तसे शब्द सापडत नाहीत. डबा मात्र त्यांनी स्वतः धुतला. पाणी वळल्याची पहिली चाहूल त्यांनाच लागली. खडकाच्या एका खाचेत पाण्याची बारीक धार उलट्या दिशेने शिरत होती. “चल, भरती सुरू झाली,” असे म्हणून त्यांनी हात पुढे केला. परतीच्या वाटेवर ते विचारत राहिले आणि बाई सांगत राहिल्या : आईंना कोणती गाणी आवडत, मुलीला कांजिण्या झाल्या तेव्हा रात्री डॉक्टरांना कोणी बोलावून आणले, शाळेच्या पत्र्यावर पाऊस पडू लागला की वर्ग कसा थांबत असे. ३७ वर्षांच्या संसारातील किती पाने एकाने वाचलेलीच नव्हती!

दुसऱ्या दिवशी समुद्र निवळला आणि बोटी सुटल्या. बोट धक्का सोडताना गृहस्थांच्या हातात पत्रक नव्हते. त्याच्या मागच्या बाजूवर भरती-ओहोटीचे आकडे असल्यामुळे बाईंनी ते मालकीणबाईंच्या शाळकरी मुलाला समजावून देऊन टाकले होते. विमानतळावर तपासणीच्या वेळी पुढच्या एका प्रवाशाच्या पिशवीतून प्रवाळाचे तुकडे आणि मोठे शंख निघाले आणि ते जप्त झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्रवाळ आणि अनेक जातींचे शंख, ते मृत असले तरी, नेता येत नाहीत. नियमामागचे कारण शहीद द्वीपाच्या खडकांवर दिसते. तेथील खेकड्याला स्वतःचे कवच नसते. वाढत्या अंगासाठी त्याला सतत मोठा रिकामा शंख शोधावा लागतो. पर्यटकाने शोभेसाठी उचललेला प्रत्येक शंख हे कोणाचे तरी पुढचे घर असते.

अंदमानला जाऊ इच्छिणाऱ्या वाचक-दाम्पत्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. परतीच्या विमानापूर्वी निदान एक दिवस श्री विजयपुरम येथे मोकळा ठेवावा, कारण बोटी हवामानावर चालतात. भरती-ओहोटीच्या वेळा मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचताच विचारून घ्याव्यात. समुद्रस्नान आणि काचेची बोट भरतीला, खडकांवरची फेरी ओहोटीला. काही ठिकाणी खाऱ्या पाण्यातील मगरींचा वावर असतो, म्हणून सूचनाफलक असेल तेथे पाण्यात उतरू नये. लहान बेटांवर मोबाइलला नेहमी संपर्क मिळेल असे नाही. रोख पैसे आणि नेहमीची औषधे जवळ असावीत. खडकांवर चालण्यासाठी रबरी तळाची घट्ट पादत्राणे न्यावीत. आणि बोट रद्द झालीच, तर तो दिवस तोट्याच्या खाती टाकण्याची घाई करू नये. ज्यांची अर्धी हयात बदल्या, पाळ्या आणि सोमवारच्या पहिल्या गाडीत गेली, अशा जोडप्यांना एकमेकांजवळ बसण्यासाठी कोणी रजा मंजूर करत नाही. शहीद द्वीपावर ती समुद्राने केली.